दिवसाची रात्र करणारा पडदा

मी एक पडदा आहे. बोलायची मला सवय नाही, आणि त्यात माझा दोषही नाही. ज्या हॉलमध्ये मी सगळा जन्म काढला तिथे माझ्यासमोर कोणी मोठ्यानं बोललंच नाही. तेव्हा आवाज बसका वाटला, मध्येच अडखळलो, तर सांभाळून घ्या.

तुमच्याकडेही पडदे असतील. पातळ, फुलाफुलांचे, पंख्याच्या वाऱ्यानं उडणारे. ते मिरवायचे पडदे. मी कामाचा. भिलाईत सेक्टर दहामधल्या एका क्वार्टरच्या हॉलला पश्चिमेकडे खिडकी आहे, तिच्यावर मी तीस वर्षं लटकलो. दिवसाची रात्र करायची, एवढंच माझं काम होतं. ते मी चोख केलं. इतकं चोख, की आता त्याचीच बोच लागून राहिली आहे.

मला सुपेल्याच्या बाजारातून बेबीताईंनी आणलं. कडेवर एक वर्षाची लेक भूमिका, खांद्याला पिशवी, आणि दुकानदार जे कापड काढेल ते उन्हात धरून त्याच्यामागे स्वतःचं तोंड लपवायचं, असा त्यांचा प्रकार चालला होता. जरा ऊन दिसलं की कापड परत. दुकानदारानं विचारलं, बाई, पडदा शिवायचा आहे की तंबू? शेवटी वैतागून त्यानं अगदी खालच्या थप्पीतून मला ओढलं. जाड, गडद हिरवा, कोणी कधी न विचारलेला. बेबीताईंनी मला तोंडासमोर धरलं आणि आतूनच सांगितलं, हाच द्या. मला पहिल्यांदा कोणी पसंत केलं ते असं, माझ्याआड उभं राहून.

घरी आणून त्यांनी मला काळ्या कापडाचं अस्तर लावलं. मशीनच्या दोन सुया माझ्यापायी मोडल्या. कूलरच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या दुमडीत त्यांनी लोखंडी वॉशर शिवून टाकले. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर नवऱ्याच्या झोपेसाठी.

नवरा म्हणजे रामाजी. साकोलीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पोलादाच्या प्लांटमध्ये मिलला लागले आणि भिलाईचे झाले. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक नाईट. नाईटच्या आठवड्यात सकाळी त्यांची स्कूटर फाटकाशी थांबायची. अंघोळ करायची, चार घास खायचे आणि नऊ वाजता हॉलमधल्या दिवाणावर आडवं व्हायचं. घरात कूलर एकच, तो हॉलमध्ये, म्हणून झोपही हॉलमध्ये. रात्रभर तापलेल्या लोखंडासमोर उभा राहिलेला माणूस पडल्यापडल्या झोपत असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. अंग गळून गेलेलं असतं, पण डोळ्यांना ऊन कळत असतं. आणि एकदा मोडलेली झोप दिवसभर परत येत नाही. मग रात्री तोच माणूस पेंगत त्या आगीपुढे उभा राहणार. बेबीताईंना भीती होती ती याची. ती त्या कोणाजवळ बोलल्या नाहीत; मला अस्तर लावताना तेवढी त्यांच्या हातातून जाणवत होती.

मला ओढलं की घराचा कायदा बदलायचा. कुकर मागच्या अंगणातल्या शेगडीवर जायचा. स्टीलच्या डब्यांची झाकणं उचलताना खाली पदर धरला जायचा. दारावर कोणी आलं तर बेबीताई धावत जाऊन ओठांवर बोट ठेवायच्या. गल्लीलाही ते ठाऊक झालं होतं. प्रत्येकाच्याच घरी कोणी ना कोणी नाईटवाला. "रामाजीकडे पडदा लागला आहे," असं म्हणून पोरं आपली बॅट घेऊन दुसऱ्या गल्लीत जायची. समोरच्या क्वार्टरमधल्या सत्यभामाबाई घंटी न वाजवता मागच्या दारानं यायच्या. मी त्या दिवसांत स्वतःला फार मोठा समजत असे. सगळी गल्ली मला बघून आवाज खाली करते म्हटल्यावर कोणालाही चढेल.

भूमिका तर चवड्यांवर चालायलाच आधी शिकली. टीव्ही ती आवाज बंद करून बघायची आणि बोलणाऱ्यांच्या ओठांवरून गोष्ट जुळवायची. शाळेत म्हणे ती खूप बडबडी होती, वक्तृत्वात बक्षिसं आणायची. घरात मात्र तिचं सगळं बोलणं आईच्या कानाशी, स्वयंपाकघरात. बापाला सांगायचं ते "बाबा उठल्यावर" वर पडायचं. बाबा उठायचे तेव्हा ती शिकवणीला गेलेली असायची. ती परत यायची तेव्हा बाबा डबा घेऊन स्कूटर काढत असायचे. भांडण नव्हतं, राग नव्हता. फक्त दोघांची वेळ कधी जुळली नाही. सकाळ-दुपारच्या पाळीत जुळायला हवी होती, पण तोवर कुजबुजायची सवय हाडीमासी खिळली होती. बाप समोर दिसला की पोरीचा आवाज आपोआप खाली जायचा.

आता ती दुपार सांगतो. टाळून चालणार नाही.

अठरा वर्षांपूर्वीचा मे महिना. रामाजींची नाईट होती आणि त्या दिवशी सुटल्यावरही त्यांना थांबावं लागलं होतं. नऊच्या जागी ते अकराला झोपले. बेबीताईंना सकाळपासून पाठीत दुखत होतं. दीड वाजता त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या. मला ते दिसत नव्हतं, पण घर गप्प असलं की कुजबुजही स्पष्ट ऐकू येते. तेरा वर्षांची भूमिका म्हणत होती, आई तुला किती घाम आला आहे, मी बाबांना उठवते.

"उठवू नोको त्याइले," बेबीताई म्हणाल्या. "आताच डोया लागला आहे. गॅस झाला असंन मले. चार वाजता उठतेतच."

थोडा वेळ गेला. मग भूमिका हॉलमध्ये आली. चवड्यांवर. दिवाणाजवळ उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं. हाक मारायची तिची छाती होईना. मग तिनं जे केलं ते फक्त याच घरातलं पोर करू शकतं. ती माझ्याकडे आली, माझ्या कडेला चार बोटं घातली आणि मला वीतभर सरकवलं. उन्हाची एक पट्टी थेट रामाजींच्या तोंडावर पडली. म्हणजे उठवायचं, पण आपण नाही. ऊन उठवेल. बाबा रागावले तर उन्हावर रागावतील, आईही म्हणणार नाही की तू का उठवलंस.

आणि रामाजी जागे झाले. हे मी पाहिलं. त्यांचा एक डोळा किलकिला झाला, त्याला फ्रॉकची कड दिसली आणि डोळा मिटला. त्या आठवड्यात भूमिकेनं मैत्रिणींबरोबर मैत्रीबागेत जायचा धोशा लावला होता, परवानगी तेवढी राहिली होती. आता हिला "काय" म्हटलं की झोप गेली, असं त्यांच्या मनात आलं असणार. ते कुशीवर वळले आणि घोरले. मुद्दाम. तीस वर्षं मी त्यांचं घोरणं ऐकलं आहे, खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते मला कळतं. तेरा वर्षांच्या पोरीला कळलं नाही. तिनं मला पुन्हा नीट ओढून घेतलं, फट राहू दिली नाही, आणि आली तशी परत गेली. पाचच मिनिटांत रामाजींना खरी झोप लागली.

ते उठले ते चारला. मग धावाधाव, शेजाऱ्याची गाडी, दवाखाना. दारातून निघताना त्यांनी विचारलं, कधीपासून होतंय हिला? भूमिका म्हणाली, "आत्ताच." बेबीताई परत आल्या नाहीत. चार दिवसांनी पाहुणे बोलत होते त्यावरून समजलं की डॉक्टरनं, दोनेक तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं म्हटलं होतं. ते भूमिकेनंही ऐकलं होतं आणि रामाजींनीही.

त्या दिवसापासून पोरगी समजत आली की आई गेली ती आपण हाक मारली नाही म्हणून. आणि वर "आत्ताच" म्हणून खोटंही बोललो. बाप समजत आला की पोर आली होती, आपण घोरलो, म्हणून बायको गेली. पोरीला वाटत होतं बाबा झोपेत होते, त्यांना काहीच माहीत नाही. बापाला वाटत होतं, पोरीला आपलं सोंग तेव्हाच कळलं असणार, म्हणून ती आपल्याशी बोलत नाही. दोघांचं दोन्ही मला ठाऊक होतं, आणि मी पडदा. अठरा वर्षं हे पोटात घेऊन लटकणं म्हणजे काय असतं ते मी सांगू शकत नाही. बायका म्हणतात ना, जीव घुसमटतो, तसं काहीसं.

पुढे भूमिका शिकली, लग्न होऊन नागपूरला गेली. वर्षातून दोनदा यायची, सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. फोन दोन मिनिटांचा. जेवले का, गोळी घेतली का, ठेवते. रामाजी रिटायर झाले. क्वार्टर अजून त्यांच्याकडेच आहे. आता त्यांना नाईट नव्हती, दिवसा झोपायचं कारण नव्हतं, तरी त्यांनी मला कधी उघडलं नाही. सकाळ असो की दुपार, मी ओढलेलाच. ते अंधारात दिवाणावर बसून राहायचे. पूर्वी मी एका दमलेल्या माणसाला सांभाळायचो. आता मी फक्त एकट्या माणसाला अंधार पुरवत होतो, आणि माझ्याकडे तर त्याचंही लक्ष नव्हतं. धूळ बसत गेली, थरावर थर, आणि माझा हिरवा रंग कोणता होता ते मीच विसरलो.

या वर्षी रामाजींच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. डॉक्टरनं बजावलं, नंतर ज्या खोलीत राहाल ती साफ पाहिजे, धुळीचा कण नको. रामाजींनी फोनवर सहज सांगितलं, तर भूमिका रविवारीच येऊन हजर. आठ दिवसांची रजा, एक बॅग कपड्यांची आणि एक नुसती फडकी, ब्रश आणि फवाऱ्याच्या बाटल्यांची.

दारातच तिनं नाकाला ओढणी लावली. "बाबा, ये क्या हाल बनाया है," ती म्हणाली. कुजबुजत म्हणाली, हे लक्षात घ्या.

तीन दिवस तो हॉल निघत होता. पहिल्या दिवशी शोकेस. पितळी घोडे, प्लास्टिकची फुलं, नोकरीची पंचवीस वर्षं झाली तेव्हा मिळालेलं घड्याळ, सगळं कागदावर मांडलं गेलं. पंख्याची पाती पुसली तर फडकं काळं चिकट झालं. छताची जळमटं काढायला रामाजींनी लांब बांबूला झाडू बांधून दिला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दिवाण भिंतीपासून ओढला. त्याच्यामागे पेनांची टोपणं, कॅरमचा स्ट्रायकर, पालीची फुटकी अंडी. भिंतीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलाचा डाग भूमिकेनं बाटलीतलं काहीतरी फवारून घासला. रामाजींचं म्हणणं, धुण्याच्या सोड्यानंही हेच निघते, बाटल्या कायले आनल्या. ती म्हणाली, तुमी बसा फक्त. दर बादलीचं पाणी काळं निघत होतं, आणि ते ती मागे नेऊन ओतत होती.

पण या सगळ्यात आवाज नाही. बादली ठेवायची ती हळूच, दोन्ही हातांनी. स्टूल उचलून न्यायचं, ओढायचं नाही. बोलायचं ते खाणाखुणांनी, नाहीतर श्वासातल्या श्वासात. दोघंही तसंच. दिवाण ओढताना त्याचा पाय करकरला तर दोघंही जागच्या जागी थिजले. तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या, दारात उभ्या राहून जरा वेळ बघत राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "कोन झोपलं आहे ओ घरात?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाई चहाचे कप ठेवून गेल्या.

बुधवारी दुपारी हॉलमध्ये काढायचा राहिलो होतो तो मी. भूमिकेनं मला शेवटी ठेवलं होतं, आणि का ते मला माहीत होतं. तीन दिवसांत तिनं माझ्या आजूबाजूची भिंत पुसली, खिडकीची चौकट खालून पुसली, मला मात्र हात लावला नव्हता. रामाजी म्हणाले मी काढतो, पण त्यांना कड्या दिसेनात. मग तीच स्टुलावर चढली आणि रामाजींनी खालून स्टूल धरलं. एकेक कडी निघत गेली. माझी एक बाजू खाली लोंबली आणि अर्ध्या खिडकीतून ऊन आत आलं. धुतलेल्या फरशीवर ते इतकं पडलं की रामाजींनी डोळ्यांवर हात धरला.

तिची चार बोटं माझ्या दुसऱ्या कडेला आली आणि थांबली.

"बाबा," ती कुजबुजली, "तुमाले एक सांगायचं आहे."

"जोरात बोल बेटा. आता कोनी झोपत नाई अठी."

तिनं सांगितलं. स्टुलावरूनच, माझ्याकडे तोंड करून, कारण बापाकडे बघून तिला जमलं नसतं. आईला दीड वाजल्यापासून त्रास होता. "आत्ताच" म्हटलं ते खोटं होतं. मी उठवायला आले होते, हाक मारायची हिंमत झाली नाही, म्हणून हा पडदा सरकवला. तुम्ही गाढ झोपेत होता. मी परत गेले. मी एक हाक मारली असती तर आई राहिली असती. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, आणि मग म्हणाली, मला माफ नका करू, पण तुम्हाला हे माहीत पाहिजे होतं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला तिच्यापेक्षा रामाजींची धास्ती वाटली. त्यांना आता काहीच बोलायची गरज नव्हती. पोरीनं सगळा दोष आपल्या अंगावर घेतला होता. तिला खाली उतरवून, डोक्यावर हात ठेवून, तू लहान होतीस असं म्हटलं की झालं. ती रडली असती, हलकी झाली असती, आणि ते मरेपर्यंत चांगले बाप राहिले असते. तसं त्यांच्या मनात आलंही. स्टूल धरलेला त्यांचा एक हात सुटून वर निघाला. अर्ध्या वाटेत थांबला.

"मी जागा होतो," रामाजी म्हणाले.

तिनं वळून पाहिलं.

"ऊन तोंडावर आलं तवाच जाग आली मले. तू हायेस हे समजलं. मले वाटलं, मैत्रीबागेचं विचारून राहिली. म्हनून घोरलो."

"घोरले?"

"सोंग केलं बेटा."

भूमिका स्टुलावरून उतरली नाही. वळली आणि माझ्या उरलेल्या कड्या तिनं काढल्या नाहीत, ओरबाडल्या. एका ठिकाणी मी फाटलो. मला घेऊन ती खिडकीबाहेरच्या अंगणात गेली, टपात कोंबलं, साबणाचं पाणी ओतलं आणि सलवार वर करून माझ्यावर नाचायला लागली. जाड पडदे असेच धुतात, पायांनी तुडवून, पण हे धुणं नव्हतं. तीस वर्षांची धूळ निघत होती, टपाबाहेर काळे लोट वाहत होते, ती तुडवत होती. रामाजी उघड्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

आणि मग ती ओरडली. त्या घरात एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"एक शब्द बोलायचा होता ना बाबा. नुसतं 'काय' म्हटलं असतं तरी मी सांगतलं असतं. मी सांगायलेच उभी होती. एक 'काय' नाई म्हनता आलं तुमाले?"

समोर सत्यभामाबाईंचं दार उघडलं. त्यांनी पाहिलं आणि दार हलकेच लावून घेतलं.

"नाई म्हनता आलं," रामाजी म्हणाले. "तवापासून रोज म्हनतो. दुपारी डोळा उघडला की म्हनतो, काय बेटा. कोनी नसते."

हे खरं आहे. मी साक्षीला आहे. रिकाम्या हॉलमध्ये, माझ्या अंधारात, रोज.

भूमिका टपात उभी राहिली. तिचे पाय थांबले. मग तिनं मला दोनदा स्वच्छ पाण्यातून काढलं, पिळायला जमेना म्हणून तसंच गळतं तारेवर टाकलं आणि आत गेली. तिनं बापाला माफ केलं का, हे मला विचारू नका. मला माहीत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, झाकणं पडत होती, कुकर घरातल्याच ओट्यावर शिट्या देत होता. दोघं जेवली ती फारसं न बोलता. पण ते न बोलणं जुनं नव्हतं.

गुरुवारी ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून रामाजी घरी आले आणि धुऊन पुसून काढलेल्या हॉलमध्ये दिवाणावर टेकले. भूमिकेनं विचारलं, नवा पडदा आणू का पातळसा. ते म्हणाले राहू दे, चष्मा आहे ना.

मी तारेवरच राहिलो. आत घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि घेऊन लावणार तरी कुठे. जन्मभर मी खिडकीच्या आत राहून बाहेरचं अडवलं, आता बाहेरून आत बघत होतो. माझा रंग हिरवा आहे हे मला उन्हात दिसलं. सांगायला जवळ कोणी नव्हतं.

शुक्रवारची दुपार. दोन वाजता रामाजींच्या डोळ्यात थेंब घालायचे होते. ते झोपले होते. खरंच झोपले होते, ते घोरणं खरं होतं. उन्हाची पट्टी दिवाणाच्या पायापाशी आली होती. भूमिका औषधाची बाटली घेऊन आली, आणि सवयीनं चवड्यांवर आली. दिवाणाजवळ उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. तिचा हात खिडकीकडे गेला, आणि खिडकीवर मी नव्हतो.

तिनं टाचा खाली टेकल्या.

"बाबा, उठा," ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं. तारेवर मला ऐकू आलं, रस्त्यावरही गेलं असेल.

रामाजी दचकून उठले. चष्मा चाचपला, तिच्याकडे तोंड केलं.

"काय बेटा?"

ती तशीच दिवाणाच्या कडेवर बसली आणि तोंड झाकून रडायला लागली, आणि रामाजी पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, काय बेटा, काय झालं, सांग. डोळ्यात थेंब घालायला त्यांना पुष्कळ उशीर झाला.

काल ती नागपूरला गेली. मी अजून तारेवर आहे, वाळून कडक झालो आहे. माझं आता काय होईल ते ठरलेलं नाही. पोछ्याला फाडतील, नाहीतर स्कूटरवर घालतील. माझी तक्रार नाही. एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा ओढलेला असेल तर असू द्या, दमलेल्या माणसाला झोप हवीच. पण आतला माणूस झोपलाच आहे असं धरून परत फिरू नका. एकदा हाक मारा. मी अगदी जवळ होतो, मला सगळं दिसत होतं, आणि ती हाक मला मारता आली नाही.